देणगी प्रवेशिका

मराठी माणूस देणगी देताना थोडा संकोचतो. पण देणगीबरोबर नाटक मिळणार असेल तर तो संकोच गुपचूप विंगेत जाऊन बसतो. आमच्या चाळीने हे फार लवकर ओळखलं होतं. शाळेला पत्रे घालायचे असोत, वाचनालयाला कपाटं हवी असोत, नाहीतर कुठल्याशा गावच्या पूरग्रस्तांना धान्य पाठवायचं असो, एखाद्या गाजलेल्या नाटकाचा मदतीसाठी प्रयोग लागायचा आणि ओळखीतले कुणी काका देणगी प्रवेशिकांचं पुस्तक काखेत धरून जिना चढायचे. गुलाबी प्रवेशिका पुढच्या रांगांची, पिवळी मधल्या, हिरवी बाल्कनीची. काकांच्या चपलांचा आवाज वडिलांना बरोबर ओळखू यायचा आणि त्यांना त्याच क्षणी अंघोळीची आठवण व्हायची. आई मात्र दारातच दोन पिवळ्या प्रवेशिका फाडून घ्यायची. तिला तिसऱ्या अंकात मनसोक्त रडायचं असायचं, आणि नायिकेसाठी रडलं काय नि पूरग्रस्तांसाठी रडलं काय, पदर एकच भिजतो असं तिचं मत होतं. वडील नंतर पंचा गुंडाळून बाहेर यायचे आणि विचारायचे, “कुठला प्रयोग आहे?” कशाच्या मदतीसाठी आहे, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

अशा संस्कारांत वाढलेली आम्ही दोन मुलं पुढे पन्नाशी ओलांडून एका प्रचंड रॉक कॉन्सर्टला गेलो, तेव्हा सोबत ही चाळही आली होती. माझा मित्र बँकेत कॅशियर. गिरगावातल्या त्या चाळीत तो पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मिसरूड फुटायच्या आत तो चाळीच्या गणपतीचा खजिनदार झाला, तो लग्न करून डोंबिवलीला जाईपर्यंत. वर्गणीच्या पावत्या त्याच्या टपोऱ्या अक्षरात निघायच्या. हिशेबात रुपयाचा घोळ झाला की अध्यक्ष देवाकडे पाहायचे आणि देव माझ्या मित्राकडे. विसर्जनाच्या आदल्या रात्री गच्चीवर ऑर्केस्ट्रा रंगात यायचा, सगळी चाळ ताल धरायची, आणि हा बिचारा पेटीवर बसून वर्गणी न दिलेल्यांची यादी करायचा. गाणं ऐकताना त्याचं डोकं कुठेतरी मोजत असतं, हे मी तेव्हापासून पाहत आलोय. अभिषेकीबुवांच्या मैफलीतही तो समेवर मान हलवायच्या ऐवजी मागे वळून सभागृह किती भरलंय याचा अंदाज घ्यायचा.

तर २०१६चा नोव्हेंबर. १९ तारखेला शनिवारी वांद्रे-कुर्ला संकुलात, एमएमआरडीएच्या मैदानावर ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हल होता. कोल्डप्ले नावाचा ब्रिटिश बँड येणार होता, अमेरिकेचा जे-झी येणार होता, ए. आर. रहमान होता, आणि हिंदी सिनेमातली माणसं तर इतकी होती की त्या संध्याकाळी अंधेरीच्या स्टुडिओंत दिवे लागले असतील की नाही कोण जाणे. गावभर अफवा होती की तिकीट पाच लाखांचं आहे. खरी गंमत वेगळीच होती. बहुतेक प्रेक्षकांना आत जायला पैसे लागतच नव्हते; पुण्य लागत होतं. स्वच्छता, मुलींचं शिक्षण, स्त्री-पुरुष समानता अशा कामांसाठी मोबाइलवरून विनंतीअर्जांवर सह्या करायच्या, ठरावीक क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचे, चार लोकांपर्यंत संदेश पोचवायचा. त्याचे गुण साठायचे आणि पुरेसे साठले की आपलं नाव सोडतीत जायचं. आमच्याकडच्या आज्यांनी चातुर्मासात साठवलेलं पुण्य वर कुठे वापरलं गेलं याची पोच कधी आली नाही; इथे ती मोबाइलवर ताबडतोब येत होती.

मित्राच्या मुलीने स्वतःच्या नावाबरोबर बापाच्या नावानेही पुण्य साठवलं होतं. सोडत लागली ती बापाला, तिला नाही. ती एक रात्र रडली. सकाळी तिच्या मैत्रिणीकडे एक जादा तिकीट निघालं, तेव्हा तिने उदार होऊन जाहीर केलं की बाबांनी काकांना घेऊन जावं, मात्र मैदानात तिला आणि तिच्या मित्रमंडळाला ओळख दाखवायची नाही. ही अट मित्राने मुकाट मान्य केली. खरं तर त्या दिवसांत तो काहीही मान्य करायच्या अवस्थेत होता. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १०००च्या नोटा रद्द झाल्या होत्या आणि तेव्हापासून तो बँकेत राहत होता असंच म्हणायला हवं. घरी फक्त कपडे बदलायला जात होता.

त्या शनिवारी बँकांत नोटा बदलून मिळणार होत्या त्या फक्त ज्येष्ठ नागरिकांना. ज्येष्ठांनी त्याला आशीर्वाद देत देत जरा लवकर मोकळं केलं. मैदानाच्या दाराशी मला तो भेटला तो इस्त्री मोडलेल्या फुल शर्टात, खिशाला दोन पेनं, हातात जेवणाचा डबा. डबा आत नेता येणार नाही असं दारावरच्या पोराने सांगितलं, तेव्हा त्याने तिथेच उभं राहून उरलेली अर्धी पोळी संपवली आणि रिकामा डबा अशा काही नजरेने पुढे केला, की पोराने तो उघडून पाहिला आणि जाऊ दिला. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाकडे माझं लक्ष गेलं. नोटा बदलायला येणाऱ्यांच्या बोटाला लावायची मतदानाची शाई नखाच्या कडेने उतरून कातडीत शिरली होती, आणि तर्जनीचं टोक स्पंजच्या पाण्याने सुरकुतलं होतं. मनगटावर प्रवेशाची कागदी पट्टी बांधून घेताना त्याने ती उजेडात धरून पाहिली. नवी गुलाबी नोट खरी आहे की नाही ते पाहायची आठवडाभराची सवय होती ती.

आत ८०,०००च्या आसपास माणसं होती. नोव्हेंबर असूनही ऊन असं की टोप्या नसलेले एकमेकांच्या सावलीत उभे होते. शेजारून मिठी नदी वाहत होती, म्हणजे ती जे काही करते ते करत होती, आणि वारा फिरला की स्वच्छतेचा विषय भाषणाशिवाय सर्वांपर्यंत पोचत होता. संकुलात रिझर्व्ह बँकेचंही कार्यालय आहे. मित्राने येताना त्या इमारतीकडे, माहेरपणाला आलेल्या सुनेने सासरचं माणूस रस्त्यात दिसल्यावर पाहावं तसं पाहिलं आणि पदर नसल्यामुळे नुसतीच मान खाली घातली.

त्यातून तो दिवस १९ नोव्हेंबर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक शौचालय दिन. हे जमलेल्यांपैकी किती जणांना माहीत होतं सांगता येत नाही, पण मैदानाच्या कडेला जी रांग होती तीत त्या दिवसाचा अर्थ सगळ्यांना आपोआप कळत होता. मला ती रांग फार आवडली. एरवी आपल्याकडे या कामाच्या रांगेत माणसं एकमेकांकडे पाहत नाहीत. इथे मंचावरून देशातल्या शौचालयांबद्दल इतक्या मोठ्या आवाजात बोललं जात होतं की लाजायला कुणाला जागाच उरली नाही. पुढची मुलगी नाशिकहून आली होती, मागचा मुलगा वास्को द गामाहून. त्या मुलाने मला विचारलं, “अंकल, तुमचं आवडतं गाणं कुठलं?” मी महाविद्यालयात उसन्या कॅसेटवर ऐकलेल्या बीटल्सचं नाव घेतलं. तो फार प्रेमाने म्हणाला, “हां, माझ्या आजोबांनाही आवडतात.”

त्या रांगेत मला माझे आजोबा आठवले, ते मात्र बीटल्समुळे नाही. संगीताच्या जोरावर सार्वजनिक कामाला पैसे उभे करायचे ही कल्पना परदेशी गिटारवाल्यांची आहे असं ही मुलं धरून चालतात. तसं मानणाऱ्यांनी ८ जुलै १९२१ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या रात्री मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान झालं. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, दोन्ही कंपन्या एकमेकींच्या तोडीस तोड. दोघांचे भक्त एकमेकांच्या सावलीला न जाणारे. पण टिळक स्वराज्य फंडासाठी ते एका रंगमंचावर आले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. नाटक खाडिलकरांचं, म्हणजे टिळकांच्याच केसरीतल्या माणसाचं. तिकिटांचे दर ऐकून त्या काळी लोकांचे डोळे पांढरे झाले होते. आजोबा सांगायचे की त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून ते पावसात थिएटरबाहेर उभे राहिले, आणि मायक्रोफोन नसलेल्या त्या काळात केशवरावांची एक तान भिंत ओलांडून थेट त्यांच्यापर्यंत आली. ती खरंच आली की नंतरच्या वर्षांत हळूहळू चालत पोचली, हे विचारायची आमची छाती नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, त्यामुळे तो संयुक्त प्रयोग ज्यांनी ऐकला त्यांच्या मनात तो सोन्याचा होऊन बसला. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, “फुकट ऐकलं रे. स्वराज्याचे माझ्याकडे पैसे राहिले.”

त्यानंतर पन्नास वर्षांनी, १ ऑगस्ट १९७१ला, म्हणजे टिळकांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी दोन कार्यक्रम केले. तारखेचा हा योगायोग तिथल्या कुणाच्या गावी असण्याचं कारण नाही. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, अल्लारखाँचा तबला. वाद्यं लावून झाली आणि समोरच्या हजारो अमेरिकन पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी अतिशय गोड शब्दांत सांगितलं की जुळवणं इतकं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. त्या प्रेक्षकांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. निर्वासितांच्या छावण्यांत माणसं मरत असताना दूर कुठेतरी कुणीतरी आपल्यासाठी तारा जुळवतंय, एवढंसुद्धा टाळीच्या लायकीचं असतं. दोन कार्यक्रमांचे मिळून सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफसाठी जमले; पुढे ध्वनिमुद्रिकेच्या आणि चित्रपटाच्या उत्पन्नातला बराच पैसा मात्र अमेरिकेच्या करखात्याशी वाद होऊन वर्षानुवर्षं अडकून पडला. हे मी मित्राला सांगितलं, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. “अंधेरीचं आठवतं?” तो म्हणाला. कसं नाही आठवणार? १ नोव्हेंबर १९९६ला मायकल जॅक्सन मुंबईत नाचला तो शिवउद्योग सेनेच्या मदतीसाठी. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं होतं. आणि त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराच्या माफीचं भिजत घोंगडं २०२१ साली मंत्रिमंडळाने निर्णय घेईपर्यंत पडून होतं. जॅक्सन त्याआधीच २००९ साली गेला होता. दान करणाऱ्याला स्वर्गात जागा मिळत असेल, पण वाटेत करखात्याची खिडकी लागते, असं मित्राचं म्हणणं.

मंचावर कोण कोण येऊन जात होतं. संध्याकाळी दिल्लीहून पंतप्रधान भल्यामोठ्या पडद्यावर अवतरले. त्या वर्षी बॉब डिलनला साहित्याचं नोबेल जाहीर झालं होतं, त्याच्या गाण्याचा त्यांनी उल्लेख केला. (हाच डिलन मॅडिसन स्क्वेअरच्या त्या कार्यक्रमात गायला होता, काही माणसं प्रत्येक मदतीच्या मांडवात असतातच.) मला गायला लावलं नाहीत हे शहाणपणाचं केलंत, नाहीतर लोकांनी पैसे परत मागितले असते आणि तेही शंभराच्या नोटांत, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले आणि मैदान हसलं. माझ्या शेजारी एक माणूस हसला नाही. “शंभराच्या आहेत कुठे?” तो पुटपुटला, आणि त्याच्या शाईच्या अंगठ्याने तर्जनीवरून नसलेल्या नोटा दोनदा सरकवल्या.

जे-झी सुरू झाला तेव्हा जमीन हलत होती. छातीच्या पिंजऱ्यात कुणी वरवंटा फिरवतंय असं वाटत होतं, आणि चोहीकडे विशीतली मुलं दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. मी मित्राला काहीतरी सांगायला वळलो. तो नव्हता. म्हणजे होता, पण खाली. रिकामा डबा मांडीवर ठेवून, पाय पसरून, तो झोपला होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं. इतक्या आवाजात माणूस झोपू शकतो हे पाहून आजूबाजूच्या मुलांनी आपोआप त्याच्याभोवती एक रिंगण मोकळं सोडलं, गर्दीतल्या गर्दीत, कुणी कुणाला न सांगता. नाशिकची ती मुलगी तिथेच होती. एक उडी मारणारा तोल जाऊन मागे आला तर तिने त्याला कोपराने परत पुढे ढकललं. थोड्या वेळाने गर्दीतून वाट काढत मित्राची लेक आली. तिने लांबून आम्हाला पाहिलं असणार, नाहीतर माझा भांबावलेला चेहरा. मागे तिचं मित्रमंडळ उभं होतं आणि ओळख दाखवायची नाही ही अट तिची स्वतःचीच होती. ती काही बोलली नाही. बापाच्या डोक्याखाली स्वतःची पिशवी सरकवली, डबा उचलून माझ्या हातात दिला आणि त्याच्या उशाशी बसून, मान लांब करकरून, उभ्या माणसांच्या पायांमधून जे-झी पाहायचा प्रयत्न करत राहिली.

कोल्डप्लेचं वादन सुरू झाल्यावर केव्हातरी तो जागा झाला, तो रंगीत कागदांनी. अचानक तोफा सुटल्यासारखा आवाज झाला आणि आकाशातून कपटे पडायला लागले, हजारो, लाखो, प्रकाशात उलटेपालटे होत. झोपेतून डोळे उघडणाऱ्या कॅशियरला वरून कागद कोसळताना दिसले. तो ताडकन उठून बसला. पुढचा क्षण मी वर्णन करू शकत नाही, त्याची लेक आणि मी पोट धरून हसलो आणि तो आधी चिडला, मग खांद्यावरचा एक कपटा उचलून उजेडात धरला आणि गंभीरपणे म्हणाला, “ही चालायची नाही.” त्यानंतर मात्र तो उभा राहिला. गायक पांढऱ्या प्रकाशात पियानोशी वाकून बसला होता, हजारो मोबाइलचे दिवे हलत होते, आणि मित्राची मान पहिल्यांदा मागे वळली नाही. गर्दी किती आहे याचा त्याने अंदाज घेतला नाही. शेवटी रहमान आला आणि त्या गोऱ्या गायकाने त्याच्याबरोबर वंदे मातरम् गायलं, तेव्हा मित्र गायला. बेसूर, पण खर्जात नाही, चांगल्या वरच्या पट्टीत. शेजारी लेक होती. तिने आता मित्रमंडळाकडेही पाहायचं सोडलं होतं.

बाहेर पडलो तेव्हा भुकेने जीव गेला होता. रस्त्याच्या कडेला गाडीवर वडापाव निघत होते आणि गाडीभोवती जमलेल्या प्रत्येकाच्या हातात एकच गोष्ट होती, दोन हजारांची कोरी गुलाबी नोट. बारा-पंधरा रुपयांच्या मालासाठी दोन हजार मोडायला तो माणूस काही रिझर्व्ह बँक नव्हता. तो सगळ्यांच्या हातांत वडापाव ठेवत होता आणि म्हणत होता, “राहू दे, पुढच्या वेळी द्या.” वास्कोच्या मुलालाही म्हणाला, जो रात्रीच्या बसने परत गोव्याला जाणार होता. मित्र अस्वस्थ झाला. “लिहून तरी ठेवा,” तो म्हणाला. “किती जणांना दिले, नावं, मोबाइल नंबर.” वडापाववाल्याने झारा झटकून तेलाकडे पाहिलं. “साहेब, मिरची हवी का?”

पुढल्या आठवड्यात बँकेतून सुटल्यावर मित्र वाट वाकडी करून पुन्हा तिथे गेला, सुट्टे पैसे मोजून. वडापाववाल्याला तो आठवत नव्हता, उधारी आठवत नव्हती, ती रात्र तेवढी आठवत होती. पैसे गल्ल्यात टाकताना त्याने विचारलं, “ते वाजवणारे परत कधी येणार आहेत? आधी कळवा. बटाटा कमी पडला त्या दिवशी.”

ते परत आले, जानेवारी २०२५मध्ये, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिकिटं निघाली त्या दिवशी मी योगायोगाने मित्राकडे होतो. तो आता निवृत्त झालाय. शाई गेली, पण अंगठा अजून सरकतो. त्याची लेक सकाळपासून लॅपटॉपसमोर बसून होती आणि तिच्यापुढे रांगेत लाखांनी माणसं असल्याचं पडद्यावर दिसत होतं. मित्राने चष्मा लावून तो आकडा वाचला, पुन्हा वाचला, अंक एकेक करून मोजले.

“या वेळी कशाच्या मदतीसाठी आहे?” त्याने विचारलं.

“कशाच्या नाही बाबा. त्यांचा नेहमीचा दौरा आहे, नुसतं गाणं.”

“आणि तिकीट?”

तिने किंमत सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग मला म्हणाला, “बघ, फुकट होतं तेव्हा झोपलो.” आणि लेकीकडे वळून, आतल्या खोलीत जाता जाता, “मला एक काढ. डबा घेऊन जाऊ देतात का तेवढं विचारून ठेव.”